हात कोणीच लावला नाही

त्या घरात वस्तू आपोआप बिघडत आणि आपोआपच दुरुस्त होत. नळाचा वायसर बदललेला असे, पण बदलला कोणी म्हणून विचारलं तर कोणीच नाही. एके सकाळी पंख्याचं एक पातं उलटं बसलेलं दिसलं, तेव्हा घरातल्या पुरुषांनी त्याकडे असं काही नवलाने पाहिलं, की जणू पातं बिचारं स्वतःच उतरलं असावं आणि वळून पुन्हा चढलं असावं. ह्या चमत्कारांचं मूळ होते सासरे, म्हणजे मुलांचे नाना. ते हयात होते तोवर घरात एकच न्याय चाले. वस्तू बिघडली की ते विचारत, "शेवटचा हात कोणाचा?" ज्याचा शेवटचा हात, तो गुन्हेगार. वस्तू त्याआधी किती खिळखिळी झाली होती, ह्याची चौकशी नाही. मग वर्षभर आल्या-गेल्यासमोर त्याचा उद्धार होई. दोन मुलगे ह्या न्यायाखाली वाढले आणि एक जावई येऊन त्यात मुरला. तिघेही एवढंच शिकले, की दुरुस्ती करायची ती इतरांची पाठ वळल्यावर, आणि कोणी विचारलं तर कानांवर हात ठेवायचे. सासरे जाऊनही बरीच वर्षं झाली. न्यायाधीश गेले, पण आरोपींची नाकारायची सवय काही जात नव्हती.

धाकटी ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा खरोखरच धाकटी होती. आता कानशिलं पांढरी झाली, तरी नाव तेच राहिलं. ती शिवणकाम करी. पडदे, गणवेश, ब्लाउज, झबली, जे येईल ते. आणि हे सगळं चाले जेवायच्या टेबलावर. सकाळी मशीन टेबलावर चढवायचं, नाश्त्याला उतरवायचं, पुन्हा चढवायचं, दुपारी ताटांसाठी पुन्हा उतरवायचं. अर्धवट बेतलेलं कापड घडी करून पलंगावर ठेवलं की त्यावर हटकून कोणीतरी बसायचं. एकदा जावईबापूंच्या घासात टिचबटण आलं. त्यांनी ते चिमटीत धरून सगळ्या घराला दाखवलं, आणि आजही पंगतीला बसले की ताटात नीट निरखून बघतात आणि म्हणतात, "वहिनी, आज काजं-बटण काही नाही ना?" सगळे हसत. धाकटीही हसे, आणि आतल्या आत धुमसत राही.

त्याच घरात एक पुढची खोली होती. दोन खिडक्या, दिवसभर उजेड, मशीन बसेल एवढा कोपरा आणि बेतायला अख्खी जमीन. त्या खोलीत एक मोटारसायकल राहत होती.

मोटारसायकल सासऱ्यांची. दोन सिलिंडरची, जुन्या घडणीची. अशी गाडी आता बनत नाही, असं घरातले पुरुष छाती फुगवून सांगत. का बनत नाही, हे धाकटीला गाडीकडे नुसतं बघूनच कळे. सासऱ्यांनी जिवंतपणी ती मुलांच्या हाताला लागू दिली नव्हती. ते गेल्यावर धाकटीच्या नवऱ्याने ती पुढच्या खोलीत आणून ठेवली, वर चादर पांघरली, आणि दर सुट्टीला तिच्याकडे बघून "एकदा हिचं काहीतरी करायला हवं," असं मायेने म्हणत राहिला. आपल्याकडे बघून तो इतक्या मायेने काही म्हटल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

खोली मागता मागता तिचं तोंड दुखलं. शेवटी एका जेवणाच्या वेळी तिने दिराच्या, नणंदेच्या, जावयाच्या देखत विषय काढला, तेव्हा नवऱ्याला चेव चढला. "येत्या रविवारी गाडी चालू करतो," तो म्हणाला. "दुपारची ताटं वाढेपर्यंत चालू झाली नाही, तर गाडी दादाच्या शेडमध्ये आणि खोली तुझी. सगळ्यांसमोर शब्द देतो." दादा, म्हणजे थोरले दीर, शेजारच्याच गल्लीत राहत. त्यांनी मान डोलावली. धाकटीने त्याच रात्री मनातल्या मनात खोलीला पडदे लावून टाकले.

त्यानंतर आठवडाभर नवऱ्याने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात धाकटी बाजारातून परत आली तेव्हा तो मोरीत बसून तिच्याच जुन्या ब्रशने गाडीचे प्लग घासत होता.

"प्लग काढलेत का?" तिने विचारलं.

"छे! मी कशाला हात लावू? पडले होते इथे."

त्याचे हात काळे, नाक काळं, आणि एक कानही काळा झाला होता. ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी केर काढताना मात्र तिने चादर उचलून पाहिलं, आणि तिला काहीतरी चुकलंय असं वाटलं. प्लगच्या दोन वायरींपैकी एकीला सासऱ्यांनी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी त्यांनी धाकटीकडूनच मागून घेतली होती आणि बॅटरीचा उजेड धरायलाही तिलाच उभं केलं होतं, कारण मुलांना गाडीच्या आसपास फिरकायची बंदी. "पट्टीवाली डावीकडे," ते स्वतःलाच बजावत पुटपुटले होते. आता पट्टीवाली वायर उजवीकडे होती. धाकटीचा जन्म बाह्या जोडण्यात गेलेला. डावं-उजवं तिच्या नजरेतून सुटत नसे. पण गाडीचं आपल्याला काय कळतं म्हणून तिने चादर खाली सोडली.

रविवारी सकाळी गाडी अंगणात निघाली. दादा आले. ते बिस्किटांच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते, आणि समोर येईल ती वस्तू आधी नापास करायची, मग बघायची, ही खोड घरी घेऊन आले होते. जावईबापूही आले. ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते, आणि माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकली असताना त्यांच्याशी शांतपणे कसं बोलावं, ह्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. नवरा विमा कंपनीतला. त्याला अपघातांची माहिती होती.

नवऱ्याने किक मारली. गाडी खोकली, आणि सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं एकजात उडाली. पुन्हा किक, पुन्हा बार. कार्बुरेटरमधूनही एक शिंक आली आणि दादांच्या पांढऱ्या विजारीवर काळे शिंतोडे उडाले.

"पेट्रोल शिळं," दादांनी निकाल दिला.

"पेट्रोल नाही, करंटचा प्रश्न आहे," जावईबापू म्हणाले. "करंट येतोय, पण वेळेवर येत नाही."

"मग खोलून बघा की."

"मी? नको, नको. तुम्ही थोरले. तुमचा हात हलका आहे."

"अरे, गाडी त्याची आहे. त्यालाच खोलू दे."

"मी काय म्हणतो," नवरा म्हणाला, "घाई कशाला? आधी विचार करू."

आणि तिघे हात पाठीमागे बांधून गाडीभोवती उभे राहिले. पाना मध्ये जमिनीवर पडला होता. त्याला कोणी शिवेना. किक मात्र पायाने मारायची असते, त्यामुळे ती सगळ्यांनाच चालत होती. तिघांनी आळीपाळीने मारली. बार निघत राहिले. पेट्रोल बदलणं त्यातल्या त्यात निर्धोक, म्हणून ते सगळ्यांच्या साक्षीने बदललं. हवेची जाळी झटकली, तर तीत कोळ्याने संसार थाटलेला. जाळीचा दोष कोणाच्याच माथी येणार नव्हता म्हणून तिघेही एकदम खूश झाले. किक मारली. बार निघाला.

धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. ती मनाशी खूश होती, आणि ते स्वतःपासून लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. प्रत्येक बारागणिक खोली एकेक पाऊल जवळ येत होती.

तिने चहाला हाक मारली. तिघे आत आले, तोच दादा दारातून मागे वळले. "चष्मा राहिला बहुतेक," म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. खिडकीतून धाकटीला दिसलं ते असं, की दादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वाकून प्लगच्या दोन्ही वायरी उपसल्या, डावीकडची उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावली, आणि विजारीला हात पुसत घरात आले. पट्टीवाली वायर आता डावीकडे होती. आता एक किक बसली की संपलं, धाकटीच्या मनात आलं.

दादा चहाला बसतात न बसतात तोच जावईबापू उठले. "जरा हात धुऊन येतो."

मोरी घरात होती, ते अंगणात गेले. त्यांनीही इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वाकून दोन्ही वायरी उपसल्या आणि अदलाबदल करून लावल्या. पट्टीवाली पुन्हा उजवीकडे. जावईबापू परत आले ते चेहऱ्यावर अशी प्रसन्नता घेऊन, की त्यांनी न मागता दुसरं बिस्किट घेतलं. त्यांच्या शेजारी दादाही तसेच प्रसन्न बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघून स्मित केलं.

"चला," दादा म्हणाले, "आता होईल बघा. मला आतून वाटतंय."

"मलाही वाटतंय," जावईबापू म्हणाले.

नवऱ्याने किक मारली. आजवरचा सगळ्यात मोठा बार निघाला. दादांचा चेहरा पडला, जावईबापूंचाही पडला. आणि दोघांनी आपापल्या मनात वायरींवर कायमची फुली मारून टाकली. वायरी बदलून बघितल्या, फरक पडला नाही, म्हणजे दोष वायरींत नाही. दोघांचंही तर्कशास्त्र बिनतोड होतं. फक्त एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं, तर ते कुठे चुकलंय हेही कळलं असतं.

धाकटी खिडकीत उभी राहून पदर तोंडाशी धरून इतकी हसली, की तिला ठसका लागला. तसं तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण ह्या तीन माणसांतलं सगळं कळत होतं, आणि गाडीत बिघडलेलं दुसरं काही नव्हतंच.

मग वेळ जात राहिला. अंगणात पॉइंटवर चर्चा झाली, कॉइलवर झाली, हल्लीच्या पेट्रोलवर आणि हल्लीच्या माणसांवर झाली. पाना जिथल्या तिथे होता. धाकटीचा भात झाला, भाजी झाली. ताटं वाढायची तेवढी राहिली, आणि ती तिच्याच हातात होती. तिने ताटं काढली, पुसली, मांडायला म्हणून टेबलाकडे निघाली आणि खिडकीशी थबकली.

दादा आणि जावईबापू सावलीत जाऊन बसले होते. नवरा एकटा गाडीजवळ उकिडवा होता. खिशातला रुमाल काढून तो टाकी पुसत होता. टाकी स्वच्छच होती. तो तिला काहीतरी म्हणत होता. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून धाकटीला कळलं. "चल ना," तो म्हणत होता. "चल ना गं." बापाने कधी हात लावू न दिलेल्या गाडीपुढे हा केस पिकलेला माणूस हट्ट धरून बसलेल्या पोरासारखा बसला होता.

धाकटीला त्याची दया आली. त्याहून जास्त स्वतःचा राग आला. इतकी वर्षं टेबलावरून मशीन उतरवताना कंबर मोडली, तेव्हा ह्याला कधी दया आली होती का? नव्हती. पण आली तर आली, दया काही हिशेब विचारून येत नाही. तिने ताटं तशीच ओट्यावर ठेवली. खोलीच्या पडद्यांचा नाद सोडला आणि ती अंगणात गेली.

"वायरी उलट्या लागल्यात," ती म्हणाली. "पट्टीवाली डावीकडे हवी."

सावलीतले दोघे उठून आले.

"वायरींचा काही संबंध नाही," दादा म्हणाले. "ते तपासून झालंय."

"कोणी तपासलं?" जावईबापूंनी झटकन विचारलं.

"म्हणजे... नुसतं बघूनही कळतं माणसाला."

"बरोबर आहे. वहिनी, वायरी नाहीतच. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"कशावरून सांगता?"

"अनुभवावरून."

"आणि मी म्हणतो," नवरा उठत म्हणाला, "वायरी नानांच्या वेळेपासून आहेत तशाच आहेत. कोणी हातच लावला नाही, तर उलट्या होतील कशा?"

तेव्हा धाकटीचा तोल सुटला. "अहो, तुम्ही प्लग घासायला काढलेत तेव्हा उलट्या लावल्यात. दादा, चहाच्या वेळी तुम्ही त्या सुलट केल्यात. आणि जावईबापू, हात धुवायला म्हणून येऊन तुम्ही पुन्हा उलट्या केल्यात. मी खिडकीतून बघितलंय. आता एकदाच बदला, चालू होईल."

तिघांच्या चेहऱ्यांवरचे रंग भराभर बदलले. मग सकाळपासून जे एकदाही जमलं नव्हतं ते जमलं. तिघांचं एकमत झालं.

"मी?" दादा म्हणाले. "मी टाकीवर बसलेली माशी हाकलत होतो."

"मी नट मोजत होतो," जावईबापू म्हणाले. "हात न लावता."

"घरच्या माणसांवर आळ घेतेस?" नवरा म्हणाला. "तेही दादांवर?"

"बरं, राहिलं. मीच बदलते," असं म्हणून ती वाकली.

"अगं, हात लावू नकोस!" तिघेही एकदम ओरडले. आणि नवऱ्याने वर काळजीने सांगितलं, "बिघडेल."

धाकटीने गाडीकडे पाहिलं. सकाळपासून ठणाणा बोंबलणारी, इंचभर न हललेली ती गाडी पाहिली, आणि पुढे केलेला हात मागे घेतला. "जेवायला चला," ती म्हणाली. "वाढते."

ताटं वाढली गेली, म्हणजे पैज संपली. जेवताना कोणी गाडीचं नाव काढलं नाही. जावईबापूंनी बटणाचा विनोददेखील केला नाही. जेवण झाल्यावर दादा आणि ते ओसरीवर टेकले, आणि धाकटी खरकटं काढायला लागली तसा नवरा चोरपावलांनी तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"पट्टीवाली डावीकडे, नाही का?" तो कुजबुजला.

तिने वळून पाहिलं.

"मला कळलं होतं गं, तू म्हणालीस तेव्हाच. पण असं चारचौघांत सांगतात का? मला बाजूला घेऊन सांगायचंस. मी गुपचूप बदलल्या असत्या. आता ते दोघं पेंगतायत. पटकन बदलतो, एक किक मारतो. चालू झाली की म्हणू, आपोआप झाली. खोलीचं बघू नंतर. तू फक्त बोलू नकोस."

धाकटीने हातातलं ताट खाली ठेवलं. तिला वाटलं होतं, ह्यांना खरं पटलं नाही. पटलं होतं. पहिल्या शब्दाला पटलं होतं, आणि तरी सगळ्यांसमोर तिला खोटं पाडलं होतं.

"बदला की," ती म्हणाली. "मी अडवत नाही. ताटं वाढून झाली तरी पैज धरत नाही. गाडीही तुमची आणि खोलीही तुमची. फक्त त्या दोघांना हाक मारा, त्यांच्यासमोर बदला, आणि म्हणा, मी उलट्या लावल्या होत्या. एवढं एक वाक्य बोला."

नवरा उभा राहिला. त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. ओसरीकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याचं तिला स्पष्ट दिसलं. एक वाक्य होतं आणि ते दातांपर्यंत आलं होतं. धाकटी वाट बघत राहिली. तिला खरंच वाटत होतं की तो बोलेल, आणि बोलला असता तर खोली गेल्याचं तिला काडीचंही दुःख झालं नसतं.

मग तो खाकरला, बाहेर गेला आणि ओसरीच्या दिशेने म्हणाला, "दादा, उठता का? तुमच्या शेडपर्यंत ढकलत नेऊ. मला एकट्याला आवरायची नाही."

तिघांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर काढली. नवरा हँडल धरून पुढे होता, मान खाली घालून. "वायरी सांभाळा रे," दादा मागून सांगत होते, "कोणाचा हात लागायला नको." गाडी गल्लीच्या वळणापर्यंत गेली, तोवर धाकटी फाटकात उभी होती. एक हाक मारली असती तर तिघेही थांबले असते. तिने हाक मारली नाही. ती आत आली, टेबलाखालचं मशीन एकटीनेच उचललं, छातीशी धरून पुढच्या खोलीत नेलं, आणि तिथे उजेडात बसून, कित्येक वर्षांत रडली नव्हती इतकी रडली.